बंद ओठांवरचं वाक्य

बुधवार, ७ फेब्रुवारी

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी बरा आहे. तू, जावईबापू आणि छोटी ठीक असाल असं धरून चालतो.

तुझं पत्र पोचून दोन दिवस झाले. उत्तर लगेच लिहायला हवं होतं, पण दादा गेल्यापासून या घराच्या दाराला कडी म्हणून लागलेली नाही. लोक येतात, बसतात, डोळे पुसतात आणि जाताना हळूच विचारतात, की मामांची खुर्ची कुठली? काल एका गृहस्थांनी तर कमाल केली. ‘मामांना हीच खरी श्रद्धांजली’ असं म्हणून त्यांनी दादा सिनेमात करायचा तसं खुर्ची चुकवून बसून दाखवलं. दादा पडायचा तो अंगाचं बोचकं करून. हे सरळ ओंडक्यासारखे आदळले. मग त्यांच्या कंबरेला मीच मलम चोळलं आणि त्यांना गाडीपर्यंत सोडून आलो. दादा असता तर आठवडाभर त्यांची नक्कल करत बसला असता.

आणि वर्तमानपत्रं! ज्यांनी जन्मभर त्याला माकडचेष्टा करणारा म्हटलं, तेच आता लिहितायत की रंगभूमीचा आधारवड कोसळला. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. एकाने तर लिहिलंय की वेंधळेमामा जन्मतःच विनोदी होते. अगं, दादाइतका घुम्या मुलगा आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. आमचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. घरात कुणी मोठ्याने बोललं की त्यांचा चिमटा हलायचा, म्हणून आम्ही दोघं भाऊ कुजबुजतच वाढलो. एकदा दादा त्यांना पाणी द्यायला गेला आणि स्टुलाला अडखळून असा काही पडला की पाणी वडिलांच्या अंगावर आणि स्टूल दादाच्या अंगावर. आता याची चामडी लोळणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. आणि वडील हसले! त्यांना दात आहेत हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पुढे दादा मला कितीदा म्हणाला असेल, ‘त्या दिवशी मला माझा धंदा सापडला.’

पुढचं तुला माहीत आहेच. नाटक कंपनीत खुर्च्या मांडायला लागला, एकदा भर प्रयोगात खुर्चीसकट पडला, लोकांनी टाळ्या पिटल्या. मग लहान कामं, मग मोठी, मग सिनेमा, आणि मग ती वेंधळेमामाची भूमिका. त्यानंतर त्याला त्याच्या नावाने हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. वहिनीसुद्धा चिडल्या की ‘अहो वेंधळेमामा’ म्हणायच्या. मी मात्र वडिलांच्या स्टुलावरच बसून राहिलो. तो लोकांना हसवायचा, मी लोकांची घड्याळं वेळेवर आणायचो. दोघांचंही काम वेळेचंच, असं तो म्हणायचा.

बघ, मी कुठल्या कुठे गेलो. तू विचारलंस ते राहिलंच.

तू लिहिलंस की त्या फोनमुळे अकरा वर्षांचं ओझं उतरलं. २५ तारखेच्या शोकसभेला येणार आहेस आणि तिथे बोलायचंही ठरवलंयस. लोकांना सांगणार आहेस, की ज्या माणसाने आयुष्यात एक वाक्य थट्टेवाचून उच्चारलं नाही, त्याने आपल्या मुलीची माफी मात्र सरळ, साध्या शब्दांत मागितली. ‘त्यांनी थट्टा केली नाही काका, म्हणूनच मला ते खरं वाटलं,’ असं तू लिहिलंयस. ते मी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

बोलायचं की नाही ते तूच ठरव. माझं आपलं एवढंच म्हणणं, की घरच्या गोष्टी चारचौघांत बोलायलाच हव्यात असं काही नसतं. तिथे कॅमेरे असणार. विचार करून बघ.

फोननंतर ते काही म्हणाले का, निदान काही खूण केली का, असं विचारतेस. विशेष काही नाही. तुझ्याशी बोलणं झाल्यावर तो शांत झाला आणि शेवटपर्यंत शांतच होता. एवढं मनात धर, बाकी सगळं सोडून दे.

तू म्हणालीस तसा फोन करत नाही. माझा आवाज बाबांसारखा, तो ऐकला की रडू फुटतं, हे समजू शकतो. भेटल्यावर मी थोडा वेळ काहीही बोलत बसावं आणि तू डोळे मिटून ऐकावंस, असंही तू लिहिलंस. गेल्या काही वर्षांतले त्याचे सिनेमे तू असेच डोळे मिटून ऐकलेस म्हणे. चेहरा दिसला की तो दवाखान्याचा व्हरांडा आठवायचा, पण आवाज हवासा वाटायचा. हे मला माहीत नव्हतं.

त्याचा पिवळ्या चौकड्यांचा कोट तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलाय. संग्रहालयवाले मागत होते, त्यांना म्हटलं उंदरांनी खाल्ला. छोटीला गोड पापा.

तुझा
काका


सोमवार, १२ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. मागचं पत्र तुला मिळालं असेल. त्यातलं खुर्चीवरून पडलेल्या गृहस्थांचं खरं होतं, कोटाचं खरं होतं, वडिलांच्या हसण्याचं खरं होतं. दादा शेवटपर्यंत शांत होता, हे खोटं होतं. हे पत्र पोस्टाने न पाठवता थेट तुझ्या हातात देणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय, कारण २५ तारखेच्या आत ते तुला मिळालंच पाहिजे. वाचताना जवळ छोटी नसली तर बरं.

फोन करून दोन मिनिटांत सांगता आलं असतं, असं तुला वाटेल. फोनवर मला हे सांगता येणार नाही. का ते पुढे कळेलच.

शनिवारी निर्मात्याने मला स्टुडिओत बोलावलं होतं. दादाचा शेवटचा सिनेमा अर्धा राहिलाय, हे तू वाचलं असशील. चित्रीकरण झालंय, आवाज भरायचा राहिलाय. आता घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला तिथे कशाला बोलावतात, असं तू विचारशील. ठमे, सहा वर्षांपूर्वी दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं. बातम्यांत ‘किरकोळ शस्त्रक्रिया’ म्हणून आलं होतं. किरकोळ नव्हतं ते. त्यानंतर त्याला आवाज म्हणून राहिलाच नाही, नुसती खरखर. कॅमेऱ्यासमोर तो ओठ हलवायचा आणि नंतर स्टुडिओत त्या ओठांवर मी बोलायचो. निर्माता, रेकॉर्डिस्ट, एक-दोन दिग्दर्शक आणि आम्ही दोघं, एवढ्यांनाच ते माहीत होतं. दादाने मला शपथ घातली होती. ‘पडणारा मी, बोलणारा तू, लोकांना कळलं तर त्यांचं हसू अर्धं होईल,’ म्हणायचा.

तेव्हा गेल्या सहा वर्षांत तू डोळे मिटून जो आवाज ऐकलास तो त्याचा नव्हता. हे एक.

रेकॉर्डिस्टने मला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला होता. ‘काका, समोर फक्त ओठ बघायचे. ओठ उघडले की सुरू, मिटले की बंद. बंद ओठांवर शब्द टाकायचा नाही. बघणाऱ्याला कुठे चुकलं ते सांगता येत नाही, पण त्याचा त्या माणसावरचा विश्वास उडतो.’ मी घड्याळवाला, मला ते लगेच जमलं. दादा काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसून ऐकायचा. ओरडून सांगायला घसा नव्हता म्हणून त्याने खुणा ठरवल्या होत्या. तळवा आडवा फिरवला की झकास, पुढे चला. दोन बोटं वर केली की पुन्हा. एकेका वाक्याला तो दहा-दहा वेळा दोन बोटं दाखवायचा. मी वैतागून म्हणायचो, ‘अरे, बरोबर तर होतं!’ तर मान हलवायचा आणि पुन्हा दोन बोटं. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, त्याचंच बरोबर निघायचं.

आता मला लिहावंच लागेल. इतका वेळ मी स्टुडिओतच घुटमळतोय.

दादाला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. त्याबरोबर वाचाही गेली. खरखरसुद्धा राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं समजतंय, सगळं ऐकू येतंय, फक्त बाहेर काही येणार नाही. मी तुला तेव्हा ‘जरा तब्येत बिघडलीय’ एवढंच कळवलं होतं. निर्मात्याला भीती, की मामा बोलत नाहीत असं बाहेर कळलं तर सिनेमा बोंबलला. तो माझ्याकडे आला. ‘काका, एका वार्ताहराशी फोनवर दोन वाक्यं. लोकांना धीर येईल.’ वाक्यं त्याने लिहूनच आणली होती. मी दादासारखे शेवटचे शब्द लांबवून म्हणालो, ‘नर्सबाई मला उठूच देत नाहीत होऽ. खुर्ची चुकवीन म्हणतात!’ दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं, की मामा वॉर्डातही हसवतायत. दादा पलंगावरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडाचा डावा कोपरा जरा वर गेला. मला वाटलं, हसला. मला वाटलं, चालतंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते छापून आलेलं तू वाचलंस आणि तुझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणूनच तू फोन केलास ना? फोन त्याचा, पण माझ्या खिशात. पडद्यावर तुझं नाव. मी स्पीकर चालू करून फोन त्याच्या उशाशी धरला, त्याला अकरा वर्षांनी तुझा आवाज ऐकू यावा म्हणून. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं बरं काम तेवढंच.

मी म्हणालो, ‘कोण, ठमी?’

एवढंच. माझ्या स्वतःच्या आवाजात. आवाज बदललासुद्धा नव्हता गं. तू लगेच म्हणालीस, ‘हो बाबा, मीच. नर्सबाईंना हसवताय म्हणे. छान चाललंय तुमचं.’

तिथेच सांगायला हवं होतं, की मी बाबा नाही, काका आहे. तोंड उघडलंही होतं. पण तू ‘बाबा’ म्हणालीस ते रागाने म्हणालीस खरी, तरी त्या रागातही काहीतरी होतं, आणि मला जन्मात कुणी ती हाक मारलेली नाही. मी जन्मभर ‘मामांचा भाऊ’. लोक माझ्या दुकानात घड्याळ घेऊन येतात तेसुद्धा मामांच्या भावाचं दुकान म्हणून. मी गप्प बसलो. तुझ्या भल्यासाठी गप्प बसलो असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं, पण आतलं माझं मला माहीत आहे. ती हाक मला अजून थोडा वेळ हवी होती.

मग तू विचारलंस. तुझे शब्द मला पाठ आहेत. ‘बाबा, एकच सांगा. आई आत होती. डॉक्टरांनी तुम्हाला लगेच आत या म्हणून निरोप पाठवला होता. आणि तुम्ही बाहेर व्हरांड्यात त्या बाकावरून पडून दाखवत होतात. तो पिवळा कोट घालून. लोक हसत होते, तुम्ही पुन्हा पडत होतात. तुम्ही आत आलात तेव्हा आई गेली होती. का केलंत असं?’

तू एकोणीस वर्षांची होतीस तेव्हा. दारात उभी राहून तू ते बघितलंस, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. मला वाटायचं, त्याला पोचायला उशीर झाला म्हणून तू रागावलीस. तो वेळेवर पोचला होता आणि व्हरांड्यात थांबला होता, हे त्याने मलाही कधी सांगितलं नाही.

मी त्याच्या ओठांकडे बघितलं. सवयच ती. सहा वर्षं मी दुसरं काय केलं? ओठ बंद होते. डोळे फोनकडे. मी वाट बघितली. तू म्हणालीस, ‘बाबा? ऐकताय ना?’ ओठ बंद. ‘बोला ना. का अजून एक विनोद शोधताय?’ ओठ बंदच. मग तू म्हणालीस, ‘बरं. मग ठेवते मी.’

आणि मी बोललो. त्याच्यासारखे शेवटचे शब्द लांबवून, घशात थोडी खरखर घालून, अगदी मन लावून बोललो. ‘भीती वाटली गं मला. आत जायची भीती वाटली. चुकलं माझं. मला माफ कर.’

त्यातला एकही शब्द त्याचा नाही. तो कधी मला तसं म्हणाला नव्हता. त्याला भीती वाटली होती की आणखी काही, मला ठाऊक नाही. मी आपलं सुचलं ते म्हणालो. आणि तू लिहितेस की त्यांनी थट्टा केली नाही म्हणून तुला खरं वाटलं! ठमे, थट्टा नव्हती कारण ती मला येत नाही. आवाज मला त्याचा आला, विनोद नाही आला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खुद्द तो बोलला असता तर त्यात काहीतरी थट्टा असतीच, आणि तू कदाचित चिडून फोन आपटला असतास. पण ते त्याचं असतं.

तू रडायला लागलीस. ‘बाबा, झालं. झालं आता. मी येते, तिकीट काढते.’ आणि मीही रडत होतो. ते रडणं तेवढं माझं होतं.

आता सगळ्यात वाईट ते लिहितो. तू रडत असताना दादाचा डावा हात पांघरुणावरून उचलला गेला. त्याने दोन बोटं वर केली.

मला कळलं. मी ती खूण हजारदा बघितलेली. दुसऱ्या कुणाला कळली नसती, मला कळली. ‘पुन्हा.’ तो माझ्याकडे बघत होता आणि बोटं खाली घेत नव्हता. तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी तुला म्हणू शकलो असतो, ‘थांब पोरी, मी काका बोलतोय, बाबांना वाचा नाही, पण त्यांना तुला काही सांगायचंय, आपण कसंतरी करून विचारू.’ डावा हात चालत होता. अक्षरं दाखवता आली असती, हो-नाही करता आलं असतं. मी काय केलं? मी त्याच्याच आवाजात म्हणालो, ‘दमलो गं. ठेवतो.’ आणि फोन बंद करून खिशात टाकला.

कारण माझी पाचावर धारण बसली होती. पुन्हा घ्यायचं म्हणजे आधीचं खोटं होतं हे तुला सांगावं लागलं असतं. भावाला बोलू देण्यापेक्षा मला माझी लाज झाकणं महत्त्वाचं वाटलं.

नर्स आली. तिने त्याची बोटं बघितली. ‘काय हवं, मामा? पाणी?’ त्याने मानेने नाही म्हटलं आणि बोटं माझ्याकडे वळवली. ती मला म्हणाली, ‘काय म्हणतायत हो हे?’ मी म्हणालो, ‘काय की, कळत नाही.’ तिने त्याचा हात हलकेच पांघरुणात सरकवला. थोड्या वेळाने तो पुन्हा बाहेर आला. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. त्यानंतर तो होता तोवर मी त्याच्या हाताकडे बघितलं नाही, आणि त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तू निघायच्या आधीच तो गेला. तुला यायला दीड दिवस लागणार, तोवर अंत्यसंस्कारासाठी थांबता येईना. तू म्हणालीस, रिकामं घर बघायला नको, सभेलाच येते. खोटं नाही सांगत, तू येत नाहीस म्हटल्यावर मला हायसं वाटलं. इतका मी कोडगा झालो होतो.

शनिवारपर्यंत मी हे रेटत नेलं. स्टुडिओत कानावर हेडफोन चढवला. समोर पडद्यावर दादा, केवढा मोठा, बागेतल्या बाकावर एकटा बसलेला. काही करत नाही. नुसता समोर बघतोय. दिग्दर्शक म्हणाला, ‘काका, इथे एक चुरचुरीत वाक्य टाकू या. ओठ बंद आहेत, पण मनातल्या मनात बोलतोय असं समजतील लोक.’ मी रेकॉर्डिस्टकडे बघितलं. तो खाली मान घालून बसला होता. त्याचाच नियम, पण नोकरीचा माणूस, बोलेल कसा? त्यांनी तुकडा सुरू केला. दादाचे बंद ओठ पडदाभर. मी तोंड उघडलं आणि आवाज येईना. तिसऱ्यांदा तुकडा सुरू झाल्यावर मी हेडफोन काढून ठेवला. म्हटलं, ‘माझ्याच्याने होणार नाही. त्याला गप्प बसू द्या.’ दिग्दर्शक म्हणाला, ‘म्हातारपणी मनाला लागतंय, समजतं मला.’ त्याला काय समजणार? मी चालत घरी आलो. निर्मात्याला कळवलंय की उरलेलं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, नाहीतर सिनेमा मुका जाऊ द्या.

तर असं आहे. सभेत तू जे सांगणार होतीस ते घडलेलं नाही. तू ज्याला माफ केलंस तो तुझा बाप नव्हता. माफी मागणारा मी होतो, आणि मी मागत होतो ती माझ्या गुन्ह्याची नव्हती. माझ्या गुन्ह्याची माफी मी मागत नाही. त्या शब्दाची मीच माती केली, आता तो कुठल्या तोंडाने वापरू?

तुला वाटेल, निदान ती दोन बोटं तरी आहेत. त्यांचा अर्थ काय? त्याला तुला काही वेगळं सांगायचं होतं का? माझ्या वाक्यापेक्षा चांगलं, की वाईट, की नुसतीच एक थट्टा? मी रोज उठून तेच करतोय, अर्थ लावतोय. काल तर एक फार सुंदर अर्थ सापडला, तो लिहायला म्हणून कागदही घेतला. मग कागद फाडला. तो पुन्हा माझाच शब्द झाला असता, त्याच्या बंद ओठांवर टाकलेला. मला दिसलं तेवढंच तुला देतो. तू प्रश्न विचारलास, तो त्याने ऐकला, आणि माझं उत्तर त्याला मान्य नव्हतं. बाकी मला माहीत नाही, आणि माझ्यामुळे आता ते कुणालाच कधी कळणार नाही.

सभेला ये किंवा नको येऊस. बोल किंवा नको बोलूस. मी जे केलं ते तिथे सांगावंसं वाटलं तर खुशाल सांग, मी आड येणार नाही. मी मागच्या रांगेत असेन. मी नको असेन तर तसं एका ओळीने कळव, मी दुकानात बसेन.

आणि आपण भेटलोच, तर ते डोळे मिटून ऐकायचं तेवढं करू नकोस, ठमे. मी बोलायला लागलो की डोळे उघडे ठेव आणि माझ्या तोंडाकडे बघ. बोलणारा कोण आहे ते तुला दिसू दे.

तुझ्या बाबांचा नव्हे, स्वतःचाच आवाज असलेला,
तुझा काका